उसाच्या फडात ट्रक रुततो? टायर घेताना या चुका टाळा

परतीचा पाऊस लांबला आणि तिकडं कारखान्यांची धुराडी पेटली, की शिरोळ-हातकणंगल्याच्या पाणंदीत रुतलेले ट्रक दिसायला लागतात. मग ट्रॅक्टर बोलवा, साखळी लावा, भरलेल्या मोळ्या परत उतरवा. तोडणी टोळीचा दिवस जातो आणि तुटलेला ऊस वाळत पडतो. आमची गाडी एकदा पंचगंगेकाठच्या गाळाच्या रानात संध्याकाळी बसली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. मागचे टायर नवे कोरे होते, पण रिबचे होते.

रिब म्हणजे घेरावर सरळ खाचा असलेला टायर. डांबरावर तो हलका पळतो, कमी झिजतो, म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. पुढच्या चाकांना तो योग्यच आहे, गाडी नीट वळते. मागची चाकं मात्र गाडी ढकलतात. काळ्या चिकण मातीत सरळ खाचा एकदा भरल्या, की टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरतो. तिथं लग हवा. त्याचे आडवे जाड ठोकळे माती धरतात आणि मधल्या रुंद खाचा कडेला उघड्या असल्यानं फिरताना चिखल बाहेर फेकला जातो.

पण लग डांबरावर आवाज करतो, लवकर झिजतो आणि लांबच्या पल्ल्यात जास्त तापतो. हंगामानंतर गाडी पुणे-बंगळूर मार्गावर पळणार असेल तर मागं सेमी लग, म्हणजे रिब आणि लगच्या मधला टायर, घ्या. पन्हाळा-शाहूवाडीच्या तांबड्या, निचऱ्याच्या जमिनीत सेमी लग निभावून नेतो. शिरोळच्या काळवटीत रोज जाणाऱ्यानं मात्र लगच घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, ही समजूतही महागात पडते. जोडीच्या दोन टायरमधलं अंतर कमी झालं की चिखल आणि दगड मधेच अडकतात, टायर एकमेकांना घासतात. जोडीत एक नवा, एक झिजलेला घातला तर मोठ्या घेराचा टायर सगळं ओझं उचलतो आणि आधी जातो. एकाच एक्सलवर नायलॉन आणि रेडियल मिसळू नका. टायरवर १४६/१४३ असं लिहिलेलं असेल, तर एकट्या टायरला ३,००० किलो आणि जोडीतल्या प्रत्येकाला २,७२५ किलो भार चालतो. मागच्या जोडीचा हिशेब नेहमी दुसऱ्या आकड्यानं करा. टायर बनल्याची चार अंकी तारीखही वाचा: २३२२ म्हणजे २०२२ सालातला २३ वा आठवडा. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला लग मागं चालेल, पुढं रिमोल्ड कधीच नको.

आता हवेचं. ‘हवा काढली की गाडी निघते’ हे अर्धंच खरं आहे. हवा कमी केली की टायर पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो आणि चाक कमी रुततं. पण भरलेल्या गाडीत ट्यूबचा टायर रिमवर सरकला तर वॉल्व्हच उपटून येतो. त्याच कमी हवेवर डांबराला लागलात तर टायरच्या बाजू वाकून वाकून तापतात आणि टायर फुटतो. पाणंदीच्या तोंडाशी हवा भरायची सोय असेल, तरच माणसाच्या चालीनं एवढं अंतर काढा. नाहीतर हवेऐवजी ऊस उतरवा. त्रास होतो, पण टायर आणि माणसं शाबूत राहतात.

चाक घसरलं की ॲक्सिलेटर दाबू नका. प्रत्येक फेरीत खड्डा खोल होतो, आणि मागच्या एक्सलचं हौसिंग मातीला टेकलं की कुठलाही टायर उपयोगाचा नाही. पहिल्या घसरणीलाच थांबा, आलेल्या चाकोरीतून मागं या, चाकापुढची माती काढून मुरूम किंवा फळ्या घाला. पाचट घालायची सवय सगळ्यांना आहे. ओलं पाचट घसरतं, आणि वाळलेल्याचा ढीग गरम सायलेन्सरखाली पेट घेऊ शकतो.

तोडीआधी पंधरा-वीस दिवस पाणी बंद आहे का, हे शेतकऱ्याला आधीच विचारा. मग गाडी आत घालण्याआधी पाणंद स्वतः चालून बघा. मूठभर माती दाबल्यावर तिचा लाडू झाला आणि बोटांना चिकटला, तर अजून वाफसा नाही. अशा दिवशी ट्रक रस्त्यालाच ठेवा, मोळ्या तिथपर्यंत आणायची जादा मजुरी टोळीच्या मुकादमाशी आधी ठरवा, आणि ती रोख द्या.