खिडकीत बसून गाडीचा वेग काढा

नववीच्या पोरांना मी सांगते, पुण्याच्या गाडीत मोबाईल खिशात ठेवा आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ काढा. रुळांच्या कडेला किलोमीटरचे आकडे लिहिलेल्या पाट्या असतात. एक पाटी खिडकीसमोरून गेली की सेकंद मोजायला लागा, पुढच्या किलोमीटरची आली की थांबा. तासाचे सेकंद 3600, त्यांना मोजलेल्या सेकंदांनी भागा. 45 सेकंद लागले तर गाडी ताशी 80 किलोमीटरने पळतेय. ही झाली चाल. त्यात ‘पुण्याच्या दिशेने’ जोडलंत की वेग. एकक तेच राहतं.

पण गणितात मीटर प्रति सेकंद लागतं. 3.6 ने भागायचं: 80 चे झाले साधारण 22.2. उलट जायचं तर 3.6 ने गुणा. (5/18 पाठ करणाऱ्यांनी ते खुशाल वापरावं, मला 3.6 बरं वाटतं.)

त्वरणात, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते काढताना, मात्र निम्मा वर्ग अडखळतो. समजा, फलाटावरून सुटलेल्या लोकलने 30 सेकंदांत ताशी 54 गाठले. 54 ला थेट 30 ने भागू नका. आधी 15 मीटर प्रति सेकंद करा, मग भागा. उत्तर 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे दर सेकंदाला वेग अर्ध्या मीटर प्रति सेकंदाने वाढतोय, ताशी 1.8 किलोमीटरने म्हणा हवं तर. ब्रेक लागला की हाच हिशेब, फक्त चिन्ह उणे.

कर्जतच्या पुढे घाटात मोजणार असाल तर बोगद्यांत पाट्या हुकतात, तेवढं सांभाळा.