जुने अ‍ॅनालॉग कॅमेरे नेटवर्कवर आणण्यासाठी व्हिडिओ सर्व्हर कसा बसवावा

ज्या गृहनिर्माण संस्थांनी फाटक, जिना आणि वाहनतळ येथे अ‍ॅनालॉग कॅमेरे फार पूर्वी बसवले आहेत, त्यांचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्र साठवणारे यंत्र) बिघडला की सर्व काही काढून नवे आयपी, म्हणजे थेट नेटवर्कवर चालणारे, कॅमेरे घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते कॅमेरे चालू असतील आणि भिंतीतून गेलेली केबल शाबूत असेल, तर तो खर्च लगेच करण्याचे कारण नाही. व्हिडिओ सर्व्हर, म्हणजे बाजारात ज्याला एन्कोडर म्हणतात ते उपकरण, अ‍ॅनालॉग चित्राचे डिजिटल प्रवाहात रूपांतर करून ते नेटवर्कवर पाठवते, आणि मग तेच जुने कॅमेरे संगणकावर किंवा नेटवर्क रेकॉर्डरवर आयपी कॅमेऱ्यांप्रमाणेच दिसू लागतात.

खरेदीपूर्वी कॅमेऱ्यातून कोणता सिग्नल येतो हे पाहणे अत्यावश्यक आहे. आपल्याकडील पारंपरिक अ‍ॅनालॉग कॅमेरे पाल या जुन्या टीव्हीच्या चित्र-पद्धतीचे असतात. त्यांचे चित्र डिजिटल केल्यावर ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे होते. नंतर आलेले एएचडी, टीव्हीआय आणि सीव्हीआय हे अधिक स्पष्ट चित्राचे कॅमेरेही त्याच केबलवर आणि त्याच बीएनसी कनेक्टरवर चालत असल्यामुळे बाहेरून फरक कळत नाही, परंतु केवळ जुना सिग्नल स्वीकारणाऱ्या एन्कोडरला ते जोडले तर योग्य चित्र मिळत नाही. आणखी एक गोष्ट समितीच्या सभासदांना आधीच स्पष्ट सांगावी: एन्कोडर चित्रात नसलेला तपशील निर्माण करत नाही. लांब उभ्या असलेल्या गाडीचा क्रमांक आज वाचता येत नसेल, तर तो उद्याही वाचता येणार नाही.

आता केबलकडे वळू, कारण नेटवर्कचा म्हणून सांगितला जाणारा दोष पुष्कळदा इथेच सापडतो. प्रत्येक कॅमेऱ्याची केबल दोन्ही टोकांना सोडवून मल्टीमीटरने मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यात शॉर्ट नाही ना, हे तपासावे. नंतर एका टोकाला ७५ ओहमचा रेझिस्टर लावून दुसऱ्या टोकाला मोजावे. ७५ पेक्षा थोडे अधिक दिसले तर तार अखंड आहे, आकडा फार वाढला किंवा हलला तर कुठे तरी जोड सैल किंवा गंजलेला आहे. चांगल्या आरजी-५९ केबलवर दोनशे-अडीचशे मीटरपर्यंत चित्र समाधानकारक येते, मात्र आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या थ्री प्लस वन केबलमधील (एकाच आवरणात व्हिडिओची एक आणि इतर तीन तारा) कोअ‍ॅक्सियल तार बारीक असल्यामुळे तिच्याकडून इतक्या अंतराची अपेक्षा ठेवू नये.

त्यानंतर टर्मिनेशन. व्हिडिओ सिग्नलच्या वाटेवर शेवटच्या उपकरणात, आणि फक्त तिथेच, ७५ ओहमचा भार असावा लागतो. वॉचमनच्या केबिनमधील जुना मॉनिटर कायम ठेवून एन्कोडरलाही तोच सिग्नल दिला आणि दोन्हीकडे टर्मिनेशन चालू राहिले, तर सिग्नलची पातळी सुमारे दोन-तृतीयांश होते आणि चित्र काळवंडते. दोन्हीकडे बंद राहिले तर ती जवळपास दुप्पट होऊन पांढरे भाग भगभगीत दिसतात, आणि लांब केबलवर कडांना सावल्याही पडतात. एन्कोडरवर यासाठी लहान स्विच किंवा मेन्यूत पर्याय असतो. एका इमारतीत मी चित्र अंधूक येते म्हणून ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट बदलण्यात अर्धा दिवस घालवला होता, आणि दोष होता तो मॉनिटरमागच्या या एका स्विचचा. म्हणून चित्राच्या सेटिंगला हात लावण्याआधी हा स्विच पाहावा.

चित्रावरून आडवे पट्टे सावकाश वर-खाली सरकत असतील, तर कॅमेरा आणि एन्कोडर यांच्या अर्थिंगमध्ये फरक आहे असे समजावे आणि त्या वाहिनीवर, म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या जोडणीवर, ग्राउंड लूप आयसोलेटर (दोन्हीकडच्या अर्थिंगचा संबंध तोडणारे छोटे उपकरण) लावावा. चित्र फक्त रात्री जात असेल तर कॅमेऱ्याजवळचा व्होल्टेज रात्रीच मोजावा, कारण इन्फ्रारेड दिवे लागल्यावर विजेची मागणी वाढते आणि बारीक तारेतून १२ व्होल्टचा पुरवठा तिथे पोहोचेपर्यंत बराच घसरतो.

नेटवर्कची मांडणी त्यामानाने सोपी आहे. एन्कोडरला कारखान्यातून दिलेला आयपी पत्ता पुस्तिकेत असतो. लॅपटॉपला त्याच मालिकेतील पत्ता देऊन दोन्ही थेट जोडावेत, ब्राउझरमधून आत जावे आणि सर्वप्रथम पासवर्ड बदलावा. मग फर्मवेअर (उपकरणाच्या आतील सॉफ्टवेअर) अद्ययावत करून राउटर आपोआप वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा एक स्थिर पत्ता द्यावा. व्हिडिओ प्रणाली पाल निवडावी. रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचा असेल तर ऑनव्हिफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळवणारे मानक, चालू करावे. काही उपकरणांत त्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा लागतो. चित्र रेकॉर्डरवर येत नसेल तर एन्कोडरचा आरटीएसपी प्रवाह (नेटवर्कवर थेट चित्र पाठवण्याची पद्धत), ज्याचा नेहमीचा पोर्ट ५५४ असतो, तो संगणकावरील व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून पाहावा, म्हणजे दोष एन्कोडरकडे आहे की रेकॉर्डरकडे हे कळते.

प्रवाहासाठी एच.२६४ ही व्हिडिओ आक्रसण्याची पद्धत निवडावी. जिना आणि वाहनतळ यांसाठी सेकंदाला १२ फ्रेम मला पुरेशा वाटतात, फाटकासाठी मात्र २५ ठेवाव्यात. पालमध्ये प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते आणि त्यांच्यात एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर असते, त्यामुळे धावत्या गाडीच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात. डीइंटरलेसिंगचा, म्हणजे ही दोन अर्धी चित्रे नीट जुळवण्याचा, पर्याय चालू केल्यास हे कमी होते. रात्रीच्या चित्रातील दाणेदारपणामुळे प्रवाह अकारण फुगतो, म्हणून त्याला कमाल मर्यादा अवश्य घालावी. साठवणुकीचा हिशेब असा: सेकंदाला १ मेगाबिटचा अखंड प्रवाह दिवसाला १०.८ गीगाबाइट जागा घेतो, तेव्हा असे चार कॅमेरे ३० दिवस ठेवायचे तर सुमारे १.३ टेराबाइट लागतात, आणि २ टेराबाइटची डिस्क घेणे शहाणपणाचे ठरते.

फिरता कॅमेरा असेल तर त्याला फिरवण्याच्या आज्ञा नेणाऱ्या आरएस-४८५ च्या दोन तारा एन्कोडरला जोडून प्रोटोकॉल (आज्ञांची भाषा), बॉड रेट (त्या पाठवण्याचा वेग) आणि कॅमेऱ्याचा क्रमांक दोन्हीकडे एकसारखे ठेवावेत. तरीही कॅमेरा हलला नाही, तर तारा उलट जोडल्या असतील; त्यांची अदलाबदल केली की बहुधा काम होते.

बाहेरून पाहण्यासाठी राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरच्या विनंत्या सरळ आतल्या उपकरणाकडे वळवणे) करून एन्कोडर थेट इंटरनेटवर उघडा करू नये, ही विनंती मी आग्रहाने करतो. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने कारखान्याचेच पासवर्ड राहिलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठ्या सेवा ठप्प केल्या होत्या. जुन्या एन्कोडरला बहुधा नवे फर्मवेअर मिळणे बंद झालेले असते, म्हणून बाहेरचा प्रवेश केवळ व्हीपीएनमधून (इंटरनेटवरील सुरक्षित खासगी जोडणीतून) द्यावा आणि कॅमेऱ्यांचे नेटवर्क कार्यालयाच्या संगणकांपासून वेगळे ठेवावे. एन्कोडर आणि रेकॉर्डर यांची वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या सोयीने) जुळवून भारतीय प्रमाणवेळ निवडावी. चोरीच्या तपासात पोलिसांना चित्र देताना सात मिनिटांचा फरकही अडचणीचा ठरतो.

काम सोपवण्यापूर्वी मुख्य वीज बंद करून पुन्हा सुरू करावी आणि सर्व वाहिन्या कोणी हात न लावता परत येतात का, हे पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या रात्रीचे रेकॉर्डिंग प्रत्येक कॅमेऱ्यासाठी उघडून तपासावे, आणि पासवर्ड, आयपी पत्ते व कोणती केबल कोणत्या वाहिनीला जोडली आहे याचा तक्ता संस्थेच्या सचिवांकडे लेखी द्यावा.