छोटा प्रोग्रामेबल कीपॅड: बटणांवर नेमकं काय ठेवायचं आणि कसं

तीन, सहा, नऊ किंवा बारा बटणांचा इवलासा कीबोर्ड, बऱ्याचदा कोपऱ्यात एक गोल फिरणारा नॉब, यूएसबीला लावायचा आणि प्रत्येक बटणाला आपल्याला हवं ते काम द्यायचं. याला मॅक्रोपॅड म्हणतात. गंमत अशी की बहुतेक लोक तो हौसेने घेतात, पहिल्याच संध्याकाळी कॉपी, पेस्ट, अनडू, सेव्ह असं सगळं त्यावर भरून टाकतात आणि मग तो मॉनिटरच्या मागे धूळ खात पडतो. पडणारच ना, कारण कॉपी पेस्ट बोटांना झोपेतसुद्धा येतं, त्यासाठी हात उचलून बाजूच्या बटणाकडे कोण नेणार. म्हणून माझं म्हणणं एवढंच की बटणावर शॉर्टकट ठेवू नका, काम ठेवा. "माईक बंद" हे काम आहे, "ऑल्ट + ए" हा शॉर्टकट. हा फरक पाचव्या पायरीत नीट कळेल, तिथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

१. आधी कागद घ्या, कीपॅड नंतर

दोन-तीन दिवस काम करताना शेजारी एक कागद ठेवा आणि तीन प्रकारच्या गोष्टी लिहीत जा. एक, ज्या शॉर्टकटला बोटं वाकडी करावी लागतात (स्क्रीनचा तुकडा कापायचं विंडोज + शिफ्ट + एस, फॉरमॅटिंग सोडून नुसता मजकूर पेस्ट करायचं कंट्रोल + शिफ्ट + व्ही असले). दोन, जे दर वेळी विसरायला होतं आणि मेनूत शोधावं लागतं. तीन, जे करताना उजवा हात माऊसवर अडकलेला असतो, म्हणजे फोटो एडिटिंग, व्हिडिओ कापणं, ड्रॉइंग, मोठ्या एक्सेल शीटमध्ये इकडेतिकडे जाणं. तिसरा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा, कारण कीपॅडचा खरा फायदा रिकाम्या डाव्या हाताला काम मिळण्यात आहे. यादीत सहा-सात गोष्टी आल्या तर पुष्कळ झालं. दोनच आल्या तर घेऊ नका, खरंच.

२. घेताना काय बघायचं

सगळ्यात आधी हे बघा की सेटिंग कुठे साठतं. काही पॅड सेटिंग स्वतःच्या मेमरीत ठेवतात, म्हणजे एकदा भरलं की दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं तरी तेच चालतं आणि तिथे काही इन्स्टॉल करावं लागत नाही, कॉम्प्युटरला तो साधा कीबोर्डच वाटतो. एल्गाटोच्या स्ट्रीम डेकसारखी उपकरणं, ज्यात प्रत्येक बटणावर छोटी स्क्रीन असते, ती दिसायला भारी आणि सोपी पण आहेत, पण त्यांचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर चालू असावं लागतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही टाकायची परवानगी नसेल तर पहिला प्रकार बरा. आणि काही ऑफिसांत नवीन यूएसबी वस्तूच ब्लॉक असते, तेव्हा आयटीवाल्यांना आधी विचारून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे "क्यूएमके" किंवा "व्हीआयए चालतं" असं लिहिलंय का ते बघा. क्यूएमके हे ओपन सोर्स फर्मवेअर (पॅडच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर), आणि व्हीआयए हे त्यातली बटणं बदलायचं साधन, जे ब्राउझरमध्येच उघडतं. क्रोम किंवा एजमध्ये उघडा, फायरफॉक्स आणि सफारीत ते पॅडशी बोलू शकत नाही.

अगदी स्वस्त पॅडसोबत विक्रेता स्वतःचं सॉफ्टवेअर देतो, कुठल्यातरी फाईल शेअरिंगच्या लिंकवरून. चालतं ते, पण अँटीव्हायरस ओरडतो, आणि अशी बरीच सॉफ्टवेअर पॅडवर सेटिंग लिहू शकतात पण आत आधी काय आहे ते वाचून दाखवत नाहीत, म्हणजे तुम्ही काय भरलं होतं ते तुम्हालाच लिहून ठेवावं लागतं. हे खूपदा लक्षात येत नाही आणि मग एक बटण बदलायला गेलं की सगळी पुन्हा भरायची वेळ येते.

३. जोडणी

लावायचं आणि झालं, यात फार काही नाही. चालला नाही तर आधी केबलवर संशय घ्या. काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, डेटा जातच नाही. आणि काही स्वस्त पॅडना दोन्ही बाजूला टाईप सी असलेली केबल चालत नाही, एका बाजूला जुना चपटा यूएसबी असलेली लावली की लगेच जागे होतात.

४. पहिली चारच बटणं भरा

व्हीआयए उघडा, पॅड निवडा, स्क्रीनवर पॅडचं चित्र येईल (नाही आलं तर विक्रेत्याने दिलेली लेआउटची जेसन फाईल आधी लोड करावी लागते). चित्रातल्या बटणावर क्लिक करायचं, खालून की निवडायची, बस. सेव्हचं बटण शोधू नका, ते तिथल्या तिथे पॅडमध्ये जातं.

सगळी बटणं आज भरायची नाहीत. यादीतल्या वरच्या चार गोष्टी ठेवा, बाकीची रिकामी सोडा. हात चार जागा पटकन शिकतो, बारा जागा एकदम शिकत नाही, आणि प्रत्येक वेळी खाली बघावं लागलं तर मग मेनूत माऊस नेणंच जास्त लवकर होतं.

५. एफ १३ ची युक्ती, हीच खरी मजा

समजा तुम्हाला मीटिंगमध्ये माईक बंद-चालू करायचं बटण हवंय. विंडोजवर झूममध्ये ते ऑल्ट + ए आहे, टीम्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + एम, गूगल मीटमध्ये कंट्रोल + डी. आता पॅडवर तीन बटणं ठेवणार का? आणि ऐन वेळी, कोणीतरी दार वाजवतंय आणि तुम्हाला आवाज बंद करायचाय, तेव्हा आठवणार का की आज कुठल्या ॲपमध्ये आहोत आणि कुठलं बटण? वर आणखी एक, मीटची टॅब समोर नसताना कंट्रोल + डी गेलं तर माईक राहतो चालूच आणि ब्राउझर त्या दुसऱ्याच पानाला बुकमार्क करायला बसतो.

यावर उपाय असा. कीबोर्डच्या यूएसबी स्टँडर्डमध्ये एफ १ ते एफ १२ च्या पुढे एफ १३ ते एफ २४ अशा आणखी बारा की आहेत. आयबीएमच्या १२२ कींच्या जुन्या टर्मिनल कीबोर्डवर त्या खरोखरच्या होत्या, आजच्या बहुतेक कीबोर्डवर नाहीत, पण विंडोज त्या अजून ओळखतं. म्हणजे बारा की मोकळ्या पडल्यात ज्या कुठलाही प्रोग्राम सहसा वापरत नाही, आणि चुकून दाबल्या जाणं शक्यच नाही कारण त्या तुमच्या कीबोर्डवर नाहीतच. पॅडला फक्त एवढंच सांगायचं की बटण दाबलं की एफ १३ पाठव. त्याचा अर्थ काय लावायचा ते कॉम्प्युटरवर ठरवायचं.

ते ठरवायला विंडोजवर ऑटोहॉटकी आहे, फुकट आणि ओपन सोर्स. साध्या टेक्स्ट फाईलमध्ये नियम लिहायचे असतात. त्यात "हॉटइफ" नावाची ओळ असते, तिच्यापुढे कुठली विंडो समोर असताना हा नियम लागू ते लिहायचं. झूम समोर असेल तर एफ १३ म्हणजे ऑल्ट + ए, टीम्स असेल तर कंट्रोल + शिफ्ट + एम, विंडोच्या टायटलमध्ये मीट हा शब्द असेल तर कंट्रोल + डी, आणि यातलं काहीच नसेल तर काहीच करू नको. तीन नियम, पण बटण एकच, आणि उद्या ऑफिसने चौथंच ॲप आणलं तर फाईलमध्ये एक नियम वाढवायचा, बोटाला काही नवीन शिकायचं नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण म्हणजे माईक, कायमचं. (मीटिंगची विंडो मागे असतानाही माईक बंद व्हायला हवा असेल तर झूमच्या सेटिंगमध्ये त्या शॉर्टकटला ग्लोबल करायची टिकमार्क आहे ती लावा, मग नियमात झूम समोर असण्याची अट काढून टाकता येते.)

फाईल तयार झाली की तिचा शॉर्टकट विंडोजच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये टाका, नाहीतर कॉम्प्युटर रीस्टार्ट झाल्यावर बटणं मुकी होतात आणि तुम्ही पॅडला दोष देत बसता.

एवढी फाईलबाजी नको असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईजमधला कीबोर्ड मॅनेजर बघा, तिथे खिडक्यांत क्लिक करूनच जमतं, फक्त गुंतागुंतीच्या अटी लावता येत नाहीत. आणि ओबीएससारख्या (व्हिडिओ रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगचा प्रोग्राम) ज्या प्रोग्राममध्ये स्वतःची हॉटकी, म्हणजे शॉर्टकट की, सेटिंग असते तिथे तर मधलं काहीच लागत नाही, हॉटकीच्या चौकटीत क्लिक करायचं आणि सरळ पॅडचं बटण दाबायचं.

मॅकवाल्यांनो, एफ १४ आणि एफ १५ जपून, मॅकमध्ये त्या मुळातच ब्राइटनेस कमी-जास्त करतात. शिवाय मॅक एफ २० पर्यंतच ओळखतो. म्हणून एफ १३ आणि एफ १६ ते एफ २० एवढ्यावर भागवा, आणि नियमांसाठी ऑटोहॉटकीऐवजी काराबिनर किंवा हॅमरस्पून ही मॅकवरची साधनं वापरा.

६. मजकूर टाईप करणारी बटणं, आणि मराठीचा घोळ

पॅडमध्ये मॅक्रो भरता येतात, म्हणजे एका बटणावर ओळीने अनेक की. ईमेल पत्ता, सही, नेहमीचं उत्तर वगैरे. पण इथे एक गोष्ट समजून घ्या, पॅड अक्षर पाठवत नाही, कीची जागा पाठवतो. त्या जागेवर कुठलं अक्षर आहे ते कॉम्प्युटर स्वतःच्या चालू कीबोर्ड लेआउटवरून (कुठल्या कीवर कुठलं अक्षर) ठरवतो. तुम्ही मॅक्रोत इंग्रजी "हेलो" भरलं आणि कॉम्प्युटर त्या वेळी मराठी इनस्क्रिप्ट लेआउटवर असेल तर स्क्रीनवर येईल "पाततद". पॅड बिघडलेला नाही, त्याने बरोबर त्याच पाच की दाबल्या.

याच कारणामुळे देवनागरी मजकूर सरळ पॅडमध्ये भरणं हा नसता उपद्व्याप आहे. जमतं, पण लेआउट बदलला की कचरा. त्यापेक्षा पॅडवरून एफ १७ पाठवा आणि "नमस्कार, आपला मेल मिळाला" हे वाक्य ऑटोहॉटकीच्या फाईलमध्ये लिहा, ते युनिकोड अक्षरंच टाकतं, कीबोर्ड कुठल्याही भाषेत असो. फक्त फाईल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ ८ आहे याची खात्री करा.

मॅक्रोत अक्षरं गळतात अशी तक्रार बरेच जण करतात. समजा विंडोज की, मग "नोटपॅड", मग एंटर असा मॅक्रो आहे. पॅड हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत पाठवतो आणि स्टार्ट मेनू उघडेपर्यंत पहिली दोन-चार अक्षरं हवेत गेलेली असतात. विंडोज कीनंतर २०० ते ३०० मिलिसेकंद थांबा घाला, कॉम्प्युटर म्हातारा असेल तर ५००.

आणि पासवर्ड मॅक्रोत ठेवायचा नाही म्हणजे नाही. तो पॅडमध्ये उघडा पडलेला असतो, कोणीही पॅड उचलून नोटपॅड उघडून बटण दाबलं की छापून येतो.

७. नॉब आणि लेयर

नॉबला सगळे व्हॉल्यूम देतात. ठीक आहे, पण ते तर कीबोर्डवर असतंच. व्हिडिओ एडिट करत असाल तर डावा-उजवा बाण द्या, बऱ्याच एडिटरमध्ये एकेक फ्रेम मागेपुढे होते आणि कट नेमका जिथे हवा तिथे सापडतो, हे एकदा हाताला लागलं की सुटत नाही. चित्र काढत असाल तर एका बाजूला अनडू आणि दुसऱ्या बाजूला रीडू, टेपची चकती उलटी फिरवल्यासारखं काम मागे जातं. खूप टॅब उघडणाऱ्यांनी कंट्रोल + टॅब आणि कंट्रोल + शिफ्ट + टॅब. नॉब दाबता पण येतो, ते बटण मोजायला विसरू नका.

लेयर म्हणजे त्याच बटणांना दुसरा अर्थ. दोन प्रकारे करता येतं: एक बटण दाबून धरलं तेवढा वेळच दुसरा लेयर, किंवा एकदा दाबलं की लेयर बदलूनच राहतो. मी तर दाबून धरायचा प्रकारच सुचवेन, दुसऱ्यात आपण कुठल्या लेयरवर आहोत ते कळत नाही आणि माईक बंद करायला जावं तर भलतंच काहीतरी उघडतं. तीन-चार बटणांच्या पॅडला लेयर उपयोगी आहे, बाराच्या पॅडला बहुतेकांना लागतच नाही.

८. टेबलावर

कीबोर्डच्या डाव्या बाजूला, मनगट न उचलता पोहोचेल इतक्या जवळ. डावखुरे असाल तर अर्थात उलट. हलके पॅड दाबताना सरकतात, खाली दुहेरी चिकटपट्टी लावा. बटणांवर नावं हवी असतील तर पारदर्शक टोपीखाली कागद सरकवता येणारे कीकॅप मिळतात, नाहीतर सरळ रंगीत स्टिकर. एका बटणावर बोटाला लागेल असा उठावदार ठिपका चिकटवला तर न बघता बोट जागेवर जातं, तो माईकच्या बटणावर लावा.

नवीन पॅड घ्यायच्या आधी घरातला जुना यूएसबी नमपॅड (नुसत्या आकड्यांचा छोटा कीबोर्ड) वापरून बघायचं असेल तर तेही होतं, फक्त विंडोजवर ऑटोहॉटकीला एकट्याने दोन कीबोर्डमधला फरक कळत नाही, म्हणजे मुख्य कीबोर्डवर नमपॅड असेल तर तोही बदलेल. ज्यांच्या लॅपटॉपला नमपॅड नाही त्यांना काही अडचण नाही. मॅकवर काराबिनर आणि लिनक्सवर कीडी किंवा इनपुट रीमॅपर हे उपकरण ओळखून वेगळे नियम लावतात.

सगळं मनासारखं बसलं की व्हीआयएमधून लेआउटची फाईल एक्स्पोर्ट करा आणि ऑटोहॉटकीच्या फाईलशेजारीच ठेवा, फर्मवेअर अपडेट केलं की पॅडची मेमरी बऱ्याचदा कोरी होते. आणि महिनाभरात एकदाही न दाबलेलं बटण दिसलं तर त्यावरचं काम काढून टाका, जागा यादीतल्या पुढच्या गोष्टीला द्या.