गुडघेदुखीसाठी पाण्यातला व्यायाम: आधी बाहेर यायचं शिका

"पाण्यात काही दुखत नाही, हवं तेवढं करा," असं सांगणाऱ्याला एकदा आमच्या घोडबंदर रोडकडच्या तलावाच्या उभ्या शिडीवरून वर यायला लावावं, तेही गुडघ्यांची झीज झालेली असताना.

डॉक्टरांना विचारून झालंय, सांधा सध्या लाल किंवा गरम नाही, अंगावर उघडी जखम नाही, हे धरून चालते. पोहता आलं नाही तरी चालतं. सुती सलवार मात्र नको, पाणी पिऊन ती जड होते. नायलॉनचा पोशाख आणि रबरी तळाचे पाण्यातले बूट घ्या. पाणी २८ ते ३१ अंशांच्या आसपास बरं. जानेवारीत सकाळी उघड्या तलावात उतरलं तर सांधे आखडतात, त्या दिवसांत दुपारीच जा.

उतरताना तोंड शिडीकडे, दुखरा पाय आधी. बेंबीपर्यंत पाण्यात पायांवर वजनाचा साधारण अर्धाच भार राहतो, छातीपर्यंत एक तृतीयांशाच्या आसपास. छातीएवढ्या पाण्यात कठड्याच्या कडेने पुढे, मागे, आडवं चाला. आधी टाच टेका, मग चवडा. मग कठडा धरून एकेक पाय पुढे-मागे हलवा. घाई नको: वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध चौपट होतो. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं पुरे.

आता बाहेर येणं. याबद्दल कुणी बोलत नाही आणि मी नेमकी इथेच आपटले. पाण्याने अर्धा तास उचलून धरलेलं वजन शिडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर एकदम अंगावर येतं. पायांवरचा पाण्याचा दाब सुटतो, रक्त खाली उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. माझा हात ओल्या स्टीलवरून सटकला, नडगी पायरीवर सोलवटली, आणि पंधरा दिवस तलाव बंद. व्यायाम अगदी बरोबर केला होता, बरं का.

तेव्हापासून शेवटची पाच मिनिटं मी बाहेर येण्यासाठीच राखून ठेवते. छातीएवढ्या पाण्यातून कमरेएवढ्या, तिथून मांडीएवढ्या पाण्यात हळूहळू चालत येते आणि दोन मिनिटं नुसती उभी राहते. गरगरलं तर परत कमरेएवढ्या पाण्यात. तलावाला उथळ बाजूने पायऱ्या असतील तर शिडीकडे बघूही नका. शिडीच असेल तर चांगला पाय आधी वर, मग दुखरा त्याच पायरीवर. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकल्याशिवाय पुढची नाही. जोर पायाचा, हात फक्त तोल सांभाळायला. ज्यांची बोटंच वाकडी झालीत किंवा धरताना ठणकतात, त्यांनी शिडीचा तलाव घेऊच नये, मग तो घराखाली का असेना. आणि काठावर हात रोवून पोरांसारखं अंग वर खेचणं? खांदा गेलाच म्हणून समजा. जीवरक्षकाला शिडीपाशी उभं राहायला सांगा, पण दंड धरून ओढू देऊ नका.

वर आलात की बाकावर बसा, अंग पुसा, घोटभर पाणी प्या. मग दोन तासांनी तपासा. मी आठला बाहेर येते आणि दहाला मेथी निवडायला बसते. त्या वेळी गुडघा सकाळपेक्षा जास्त ठणकत असेल, तर पुढच्या खेपेला दोन फेऱ्या कमी.