घरी डॅक बनवताय? नवीन ऑपॅम्प मागवायच्या आधी या चुका टाळा

डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचा अॅनालॉग सिग्नल करणारं सर्किट. पीसीएम५१०२ए या डॅक चिपचं जांभळं मॉड्यूल आता काहीशे रुपयांत मिळतं, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर घरात पडून असतोच, मग रविवारी पाच-सहा वायरी जोडल्या की झाला डॅक असं वाटतं, आणि होतोही, फक्त त्यातून आवाज येत नाही. किंवा येतो पण मागे हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, चालू. आणि इथून पुढचं सगळं ठरलेलं असतं, माणूस आधी ऑपॅम्प (सिग्नल वाढवणारी छोटी चिप) बदलतो, मग कपॅसिटर, मग अजून महागडा ऑपॅम्प, आणि हम जिथल्या तिथे. कारण रोग बहुतेक वेळा पॉवर सप्लायमध्ये, ग्राउंडमध्ये नाहीतर एखाद्या न जोडलेल्या जम्परमध्ये असतो, चिप बिचारी तिचं काम नीट करतच असते.

आवाजच नाही

जांभळ्या बोर्डाच्या मागे चार जम्पर असतात, प्रत्येकाला एकीकडे एच (हाय) आणि दुसरीकडे एल (लो). पहिला फिल्टरचा, दुसरा डीएम्फसिसचा, तिसरा म्यूटचा, चौथा फॉरमॅटचा. पहिला, दुसरा, चौथा एलकडे आणि तिसरा एचकडे, एवढंच करायचं असतं. काही बोर्डांवर हे आधीच सोल्डर केलेले येतात, काहींवर अजिबात नसतात, आणि म्यूटची पिन हायला गेली नाही तर चिप गप्पच बसणार, तुम्ही काहीही करा. पुढच्या बाजूला एससीकेचा, म्हणजे सिस्टिम क्लॉकचा, अजून एक छोटा जम्पर असतो, पायला जोडताना तो ग्राउंडला बंद करायचा, मग चिप स्वतःच बीसीके म्हणजे बिट क्लॉकवरून आतलं क्लॉक बनवते. हा उघडा ठेवला की कधी आवाज येतो कधी नाही, कधी नुसती खरखर, आणि माणूस वायरी हलवत बसतो.

मग वायरिंग. पायवर बीसीके १२ नंबरच्या पिनला, एलआरसीके (डावा-उजवा चॅनेल सांगणारं क्लॉक) ३५ ला, डेटा ४० ला. ग्राउंड विसरू नका, हसू नका, खरंच विसरतात लोक. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये हायफायबेरी-डॅकचा ओव्हरले (पायला डॅकची ओळख देणारी ओळ) टाकायचा आणि पायचा स्वतःचा ऑडिओ चालू करणारी ओळ बंद करायची, नाहीतर गाणं दुसऱ्याच कार्डावर वाजत असतं आणि इथे शांतता. अजून एक गंमत, पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ती फाइल बूट फोल्डरच्या आत फर्मवेअर नावाच्या फोल्डरमध्ये गेली आहे, जुने व्हिडिओ बघून जुन्या जागी बदल केला तर त्याचा काहीही उपयोग नाही.

आवाज येतो पण फाटलेला

गाणं ओळखू येतं पण सगळं चिरकं, मोठ्या आवाजाला तर नुसता कचरा. हे जवळजवळ नेहमी फॉरमॅटचं भांडण असतं. वरच्या मॉड्यूलमध्ये चौथा जम्पर चुकून एचकडे गेला की चिप आयटूएस (चिपांमध्ये ऑडिओ डेटा पाठवायची पद्धत) सोडून लेफ्ट जस्टिफाइड ही वेगळी मांडणी वाचायला लागते, सगळे बिट एका घराने सरकतात, बस.

जुन्या फिलिप्सच्या चिपा वापरणाऱ्यांना हाच फटका वेगळ्या वाटेने बसतो. टीडीए१५४३ आयटूएस घेते, टीडीए१५४३ए जपानी म्हणजे राइट जस्टिफाइड फॉरमॅट घेते. शेवटच्या एका ए चा फरक, आठ पायांची तीच पॅकिंग, आणि विकणाऱ्याला काही पडलेली नसते. पीटी८२११ पण तसलीच, जपानी फॉरमॅटवाली, स्वस्त म्हणून घेतात आणि मग डोकं खाजवतात. आधी डेटाशीट, मग ऑर्डर.

आणि आयटूएसच्या वायरी लांब ठेवू नका प्लीज. ४४.१ किलोहर्ट्झच्या गाण्याला ६४ पट धरलं तर बीसीके २.८२२४ मेगाहर्ट्झ होतं, त्याच्या कडा तर अजून वेगवान, आणि ते तुम्ही वीतभर जम्पर वायरीतून ब्रेडबोर्डवरून फिरवणार. दहा सेंटीमीटरच्या आत संपवा, सिग्नलच्या बरोबरीने ग्राउंडची वायर न्या, आणि पायच्या टोकाला बीसीकेच्या लाइनीत ३३ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर टाका. बऱ्याच टिकटिक आणि खरखर तक्रारी इथेच मिटतात.

हम: आधी कोणता ते ओळखा

इथे मी जास्त वेळ घालवणार, कारण लोकांचे पैसे इथेच जास्त जातात.

५० हर्ट्झचा हम आणि १०० हर्ट्झचा हम हे दोन वेगळे आजार आहेत. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, पण ब्रिज रेक्टिफायरनंतर रिपल १०० हर्ट्झचा होतो. म्हणजे खालचा घुमणारा आवाज असेल तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाणं) नाहीतर ट्रान्सफॉर्मर वायरीजवळ, आणि त्याच्या दुप्पट वरचा बझ असेल तर रेग्युलेटर उपाशी. मोबाइलवर टोन जनरेटर अॅप घ्या, इयरफोन लावा कारण मोबाइलच्या स्पीकरमधून ५० ऐकूच येत नाही, दोन्ही टोन ऐका आणि तुमच्या हमशी ताडून बघा. फुकटची टेस्ट आहे आणि कोणी करत नाही.

रेग्युलेटर उपाशी कसा राहतो ते बघा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं, ट्रान्सफॉर्मर मागितला की १२-०-१२ (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट) हातात येतो. १२ गुणिले १.४१४ म्हणजे १७, डायोडचा ड्रॉप गेला की १६ च्या थोडं वर. आणि लोक त्याच्यापुढे ७८१५ आणि ७९१५ (प्लस आणि मायनस १५ व्होल्टचे रेग्युलेटर) लावतात, ज्यांना आउटपुटपेक्षा दोनेक व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे १७. झालं, रिपल सरळ आरपार. १५-०-१५ घेतला तर २३० व्होल्टला २० मिळतात, छान, पण तुमच्याकडे संध्याकाळी लाइट १९० वर उतरत असेल तर तेच साडेसोळाच्या आसपास येतं आणि हम बरोबर संध्याकाळी सुरू होतो, सकाळी चेक केलं तर सगळं ठीक. यावर उपाय मोठा ट्रान्सफॉर्मर असेलच असं नाही. लाइन आउटला २ व्होल्ट आरएमएस लागतात, म्हणजे शिखर २.८३ व्होल्ट, त्यासाठी प्लस-मायनस १५ चा हट्ट कशाला? एनई५५३२ हा ऑपॅम्प प्लस-मायनस ९ वर मजेत चालतो. त्याच १२-०-१२ वर ७८०९ आणि ७९०९ लावा आणि विसरून जा.

७९ वाल्यांचे पाय ७८ पेक्षा वेगळे असतात हे बहुतेकांना माहीत असतं (७८ ला इनपुट-ग्राउंड-आउटपुट, ७९ ला ग्राउंड-इनपुट-आउटपुट) पण मागचा पत्रा विसरतात. ७८ चा पत्रा ग्राउंड, ७९ चा पत्रा इनपुट. दोघांना एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय स्क्रू मारला की निगेटिव्ह सप्लाय थेट शॉर्ट. एलएम३१७ आणि एलएम३३७ मध्ये तर ३१७ चा पत्रा आउटपुट आणि ३३७ चा इनपुट. अभ्रकाचा तुकडा आणि प्लॅस्टिकचा बुश, पाच-दहा रुपयांचं काम. आणि ७९ वाल्याला आउटपुटवर कपॅसिटर लागतोच, ७८ वाला एकवेळ चालवून घेतो, हा घेत नाही, ऑसिलेट होतो.

५० चा हम असेल आणि डॅक लॅपटॉपला यूएसबीने जोडलेला असेल तर तो उघडायच्या आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हम गेला? मग लूप आहे. लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बरेचदा तेवढ्यानेच भागतं. लूप तोडणारा यूएसबी आयसोलेटर घेणार असाल तर एवढं बघा की एडीयूएम३१६० किंवा ४१६० चे स्वस्त बोर्ड फुल स्पीड म्हणजे १२ मेगाबिटपर्यंतच चालतात, हाय स्पीडवर चालणारा डॅक त्यातून धड चालणार नाही. आणि हमऐवजी बारीक शिटीसारखा १ किलोहर्ट्झचा आवाज असेल तर तो यूएसबीच्या फ्रेमचा, तिथे ५ व्होल्ट वेगळ्या सप्लायवरून द्या.

प्लगची अर्थची पिन तोडून हम घालवायचा सल्ला कोणी देत असेल तर त्याला नमस्कार करून निघा. हम जातो, हो, पण कॅबिनेटमध्ये करंट आला तर फ्यूज उडण्याऐवजी तुम्ही उडाल. आरसीए (ऑडिओ केबलचा प्लग) लावताना-काढताना सगळं बंद ठेवायची सवयही लावा, कारण त्यात मधली पिन आधी टेकते आणि ग्राउंड नंतर, दोन पिनी चार्जरवरची उपकरणं असतील तर तेवढ्यात गळतीचा करंट सिग्नलमधून जातो.

आता ऑपॅम्प, घ्या

पहिली गोष्ट, पीसीएम५१०२ए ला ऑपॅम्प लागतच नाही. आतून २.१ व्होल्ट आरएमएस येतात, तेही ग्राउंडच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे डीसी अडवायला कपॅसिटरही नको. त्याच्यापुढे हजाराचा फिल्म कपॅसिटर लावणारे लोक आहेत, त्यांचा आनंद त्यांना. मात्र बोर्डावर हेडफोनसारखा जॅक दिसतो म्हणून ३२ ओहमचे हेडफोन लावू नका, चिपला किमान १ किलोओहमचा लोड हवा, हेडफोनला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो.

जिथे ऑपॅम्प खरंच आहे, उदाहरणार्थ ईएस९०३८क्यू२एम या दुसऱ्या डॅक चिपच्या बोर्डांवर, तिथे सॉकेट दिसला की हात शिवशिवतात. एनई५५३२ ड्युअल आहे (एका चिपमध्ये दोन ऑपॅम्प), एनई५५३४ सिंगल, दोन्ही आठ पायांचे. ड्युअलला प्लस सप्लाय ८ नंबरला, सिंगलला ७ ला. ओपीए६२७ सिंगल आहे, तो थेट ड्युअलच्या सॉकेटात बसत नाही, म्हणजे बसतो, चालत नाही. एडी८६२० ला प्लस-मायनस १३ च्या वर देऊ नका, १५ वर चालणाऱ्या बोर्डात तो टाकून मारलेला सहज दिसतो. वेगवान ऑपॅम्प टाकला आणि तो काहीही न वाजवता गरम होतोय तर तो ऑसिलेट होतोय, ४ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये सॉकेटच्या खालीच १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक लावा. आणि ओपीए६२७ स्वस्तात मिळाला म्हणून खूश असाल तर तो बहुधा घासून नवीन नाव छापलेला आहे.

खरं तर या ईएस९०३८ बोर्डांवर पैसे घालायची जागा वेगळीच आहे, एव्हीसीसीचा, म्हणजे चिपच्या अॅनालॉग भागाचा, ३.३ व्होल्ट सप्लाय. तिथला नॉइज सरळ आउटपुटमध्ये उतरतो, म्हणून तिथे एलटी३०४२ सारखा शांत रेग्युलेटर लावला तर त्याचा फरक मोजता येतो, ऑपॅम्पचा सहसा नाही.

मोजायचं कसं? ऑडॅसिटी या ऑडिओ प्रोग्राममध्ये १०० हर्ट्झचा पूर्ण लेव्हलचा साइन टोन बनवा, वाजवा, मल्टिमीटर एसीवर लावा, पीसीएम५१०२ए असेल तर २.१ च्या जवळ आलं पाहिजे, दोन्ही चॅनेल सारखे. १ किलोहर्ट्झ घेऊ नका, स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर खोटं बोलतात. मग टोन बंद करून डीसीवर बघा, काही मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर अॅम्प्लिफायरला जोडू नका. हे आकडे मॉडिफिकेशनच्या आधी आणि नंतर लिहून ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने सुधारलं किंवा बिघडलं ते कळत नाही.

नॉन-ओव्हरसॅम्पलिंगवाल्यांसाठी (डिजिटल फिल्टरशिवाय डॅक वाजवणाऱ्यांसाठी) शेवटचं: टीडीए१५४३ वर ४४.१ ला २० किलोहर्ट्झजवळ साधारण ३.२ डीबी पडतात, हे गणितच आहे, बिघाड नाही. त्याला कपॅसिटर बदलून दुरुस्त करायला जाऊ नका. आणि त्याच्या आउटपुटला डीसी असतो, तिथे मात्र कपॅसिटर हवाच, अॅम्प्लिफायरचा इनपुट १० किलोओहम असेल तर १ मायक्रोफॅरडने १६ हर्ट्झपासून बेस कापला जातो, २.२ घेतला तर ७ वर येतो. इलेक्ट्रोलायटिक लावत असाल तर प्लस चिपकडे.