वळवाच्या आधी होडीची टाकी उपसा : उजनीकाठच्या पिंजरा मत्स्यपालकांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी सल्ला

कालावधी : मे महिना ते मृग. भाग : करमाळा, माढा आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावरची गावं.

या पंधरवड्यात बाकीची सगळी कामं बाजूला ठेवा आणि होडीच्या इंजिनाची पेट्रोल टाकी तळापर्यंत रिकामी करा. तळाचं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. बाटलीच्या बुडाशी वेगळा थर दिसला, तर इंजिनाला लागलेला रोग सापडला. मेकॅनिककडे जायचं ते त्यानंतर.

हे पहिल्यांदा सांगण्याचं कारण आहे. गेल्या उन्हाळ्यात करमाळा तालुक्यातल्या एका पिंजरेवाल्याचा फोन आला. "सर, मशीन काठाला झक्कास चालतंय, खाद्याची पोती टाकली की मधी जाऊन दम सोडतंय. हेड उघडायला लागंल म्हणत्यात, अठरा हजार सांगितल्यात." मशीन दोन दिवस गॅरेजला पडून राहिलं. पिंजऱ्याची जाळी शेवाळानं बुजली होती आणि ती धुवायला होडी नव्हती. त्यातच आभाळ आलं, वारा पडला, पाण्यातला प्राणवायू घटला. दुसऱ्या पहाटे चिलापी (तिलापिया मासळी) पाण्यावर तोंड काढून मरत होती. मी त्याची टाकी बाटलीत उपसली तेव्हा खाली बोटभर गढूळ थर होता. हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, काहीही दोष नव्हता.

हा थर येतो कुठून? आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. अर्धी टाकी महिनाभर उन्हात पडली, रात्री गारवा आला, झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा राहिला, की आत पाणी साठत जातं. पाणी एका मर्यादेच्या पुढे गेलं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं. आपण मिसळलेलं टू-स्ट्रोकचं तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. इंजिनाची नळी तळातून ओढते, म्हणजे पिस्टनला पाणी मिळतं आणि तेल मिळत नाही. नुकसान होतं ते इथं. होडी थांबली तर ओढून आणता येते, पण कोरडा चाललेला पिस्टन सिलिंडरला चिकटला की जुनं इंजिन भंगारातच जातं.

काठाला बांधून चालवलं की इंजिन चांगलं वाटतं, कारण रिकाम्या चालीला पेट्रोल थेंबाथेंबानं लागतं. चार माणसं आणि दहा पोती घेऊन थ्रॉटल उघडला की मागणी कितीतरी पटीनं वाढते. अडथळा कुठेही असला तरी तो तेव्हाच कळतो. म्हणून तपासणी लोडवरच करायची. दोघांनी जायचं, दोघांच्याही अंगात जॅकेट, आणि काठाच्या जवळच राहायचं.

इंजिन गळपटायला लागलं की आधी टाकीच्या झाकणावरचा स्क्रू बघा. चालताना उघडा, उभं असताना बंद. आपल्याकडे नेमकं उलट होतं. चालताना बंद राहिला तर टाकीत पोकळी तयार होते आणि दहा-पंधरा मिनिटांत दम जातो. झाकण सैल केल्यावर "फुस्स" असा आवाज येऊन इंजिन उचललं, तर खर्च शून्य.

मग टाकीच्या नळीतला, हातानं दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं इंजिन दमत असतानाच फुगा दाबायचा. दाबल्यावर चाल वाढली तर इंजिनावरचा पेट्रोल पंप थकलाय किंवा नळी हवा ओढतेय. पंपाचा पडदा बदलावा, तो स्वस्तात होतो. फुगा आत चिपकला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे : टाकीतली जाळी किंवा आतून सोललेली नळी. जुन्या नळीचं रबर इथेनॉलनं फुगतं आणि आतून पापुद्रे सुटतात. बाहेरून ती धडधाकट दिसते. एकदा कापून उभी चिरली तेव्हा आत काळी साय हाताला लागली होती. फुगा कडक राहूनही इंजिन दमतंय तर कार्बोरेटरचं मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) चोंदलंय. अर्धा चोक ओढल्यावर क्षणभर सुधारलं, तर ते नक्कीच.

जेट तारेनं कोरू नका. भोक मोठं झालं की हिशोब बिघडतो. स्वच्छ पेट्रोलात बुडवा, हवा मारा.

दुकानात या दिवसांत "कार्बन साफ करणाऱ्या" आणि "पाणी शोषणाऱ्या" बाटल्या पुढे करतात. थर पडलेलं पेट्रोल कोणत्याही बाटलीनं परत एकजीव होत नाही, ते काढूनच टाकावं लागतं. त्या पैशात नवी नळी, फुगा आणि फिल्टर होतो. आणि काढलेलं पेट्रोल धरणात ओतू नका, सोलापूर शहर हेच पाणी पितं.

तेलाचं प्रमाण : इंजिनाच्या पाटीवर किंवा पुस्तकात असेल तेच. बऱ्याच इंजिनांना ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. फार जुन्यांना २५ ला १, म्हणजे ४० मिली. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ (पाण्यानं थंड होणाऱ्या होडीच्या इंजिनाच्या तेलाची खूण) लिहिलेलं हवं. मोटारसायकलचं टू-टी तेल पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाला चालवू नये. माझा स्वतःचा अंदाज असा की २० मिलीच्या जुन्या मशीनला मे महिन्यात लोड ओढताना २५ मिली मानवतं, प्लग थोडा काळा होतो एवढंच. हा कंपनीचा आकडा नव्हे.

पेट्रोल ठीक निघालं तर पुढचं, थोडक्यात :
– प्लग : एकच ओला-काळा असेल तर त्या सिलिंडरची कॉइल किंवा वायर.
– इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली : इंपेलर (इंजिन थंड करायला पाणी ओढणारा रबरी पंखा) गेला. पाणी उतरलं की गाळ ओढून तो लवकर झिजतो.
– आवाज चढतो पण होडी सरकत नाही : पंख्याचा रबरी बुश घसरतोय. बुशवरून पंख्यावर खडूची सलग रेघ मारून चालवून बघा, रेघ सरकली तर तेच.
– पंख्याला जलपर्णी, जाळ्याची दोरी : सोडवा. दोरी सीलपर्यंत गेली तर पाणी आत शिरून गिअर ऑइल दुधाळ होतं.
– एवढ्यानंतरही नाही, तरच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेड उघडा.

डाळिंबवाल्यांच्या टू-स्ट्रोक फवारणी पंपाला आणि ब्रश कटरला पेट्रोलचं हेच सगळं लागू; ती इंजिनं हवेनं थंड होतात, म्हणून तेल मात्र टीसी-डब्ल्यू३ नव्हे, त्यांच्या पुस्तकात असेल तेच. ते तर बहार धरेपर्यंत टाकीत पेट्रोल ठेवूनच पडलेले असतात.

इतकं कळकळीनं लिहितोय ते वाऱ्यामुळे. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण गेले. वळवाचा वारा एकदम येतो. त्या वेळी नाक लाटेकडे धरायला इंजिनाची ताकद लागते. इंजिनानं दम सोडला की होडी आडवी होते आणि लाट होडीच्या कडेवरून आत येते. उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी पात्राच्या मध्यावर वाऱ्याला अडवणारं काही नसतं.

पिंजऱ्यावरची कामं :
– जाळी आठवड्याला धुणे
– ढगाळ हवेत खाद्य कमी, मासे वर आले तर बंद
– मेलेले मासे रोज काढणे
– दोरखंड, नांगर तपासणे

फेऱ्या सकाळी दहाच्या आत उरका. दुपारनंतर आभाळ काळवंडलं तर खाद्याचा खाडा झाला तरी चालेल, काठ सोडू नका. टाकीत एका आठवड्यात संपेल एवढंच पेट्रोल भरा. होडीत दोन वल्ही ठेवा. परत आल्यावर फुग्याची नळी काढा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत पाण्यातच इंजिन चालू द्या, मग झाकणावरचा स्क्रू आवळा.