औषधाच्या किमतीमागचं कलम कसं शोधायचं

"आईला इन्सुलिन महिन्याला 35 डॉलरला मिळतं, मग मला का नाही?" न्यू जर्सीतल्या आमच्या फार्मसीच्या काउंटरवर हा प्रश्न मला सारखा येतो, कधीकधी मराठीतूनच. आई मेडिकेअरवर (म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्यावर), लेक कंपनीच्या विम्यावर, एवढंच उत्तर मागे रांग लागलेली असताना देता येतं. पण हा फरक कोणी आणि कसा केला, हे घरबसल्या शोधता येतं, तेही फुकट.

आधी एकच कलम धरा. "हेल्थकेअर" असं शोधायला गेलात तर नुसती भाषणं हाती लागतील. मेडिकेअरचं इन्सुलिन 35 डॉलरवर आणणाऱ्या विधेयकाचा क्रमांक एच.आर. 5376, 117वी काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद), म्हणजेच इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट. काँग्रेसच्या संकेतस्थळावर तो टाकला की विधेयकाचा सगळा प्रवास समोर येतो.

सेनेटमधलं शेवटचं मतदान 51-50 झालं, उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या मतावर. एकाही रिपब्लिकनाने बाजूने मत दिलं नाही. यातून फक्त पक्षाची शिस्त कळते. तुमचं उत्तर त्याच दिवशीच्या, 7 ऑगस्ट 2022 च्या, दुसऱ्या एका मतदानात आहे. डेमोक्रॅटांनी हे विधेयक अर्थसंकल्पाच्या खास मार्गाने नेलं होतं, कारण त्या मार्गाने साधं बहुमत पुरतं. अट एवढीच की कलमाचा सरकारी जमाखर्चाशी थेट संबंध हवा. मेडिकेअरचं इन्सुलिन त्यात बसलं, खासगी विम्याचं बसलं नाही. ते टिकवायला 60 मतं हवी होती, पडली 57, त्यांत सात रिपब्लिकनांची. म्हणून लेकीला 35 डॉलर नाहीत!

यानंतर मागे जाऊन कमिटीतलं मतदान वाचा. लोक ते वाचतच नाहीत, आणि औषध कंपन्यांसारख्या हितसंबंधी गटांचं वजन तिथेच जास्त दिसतं. मेडिकेअरने औषध कंपन्यांशी किमतीवर घासाघीस करावी, हे कलम सप्टेंबर 2021 मध्ये प्रतिनिधीगृहाच्या ऊर्जा आणि वाणिज्य कमिटीत 29-29 वर अडकलं. स्कॉट पीटर्स, कॅथलीन राइस आणि कर्ट श्रेडर हे तीन डेमोक्रॅट विरोधात गेले. पीटर्स यांचा मतदारसंघ सॅन डिएगोतला, जैवतंत्रज्ञान कंपन्यांचा गड. पुढे कायदा झाला तेव्हा घासाघिशीला मोजकीच औषधं उरली होती.

आता पैसा. लॉबिंग करणाऱ्यांना, म्हणजे कायदे करणाऱ्यांकडे एखाद्या गटाची बाजू मांडणाऱ्यांना, दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो आणि तो सेनेटच्या लॉबिंग नोंदणीत सर्वांना खुला असतो. 'फार्मा' ही औषध कंपन्यांची संघटना किंवा एखादी कंपनी निवडा आणि त्या अहवालात तुमच्या विधेयकाचा क्रमांक शोधा. देणग्या निवडणूक आयोगाकडे, म्हणजे एफईसीकडे सापडतात. कंपनीला थेट उमेदवाराला पैसे देता येत नाहीत. तिची पॅक, म्हणजे राजकीय देणग्यांसाठीचा वेगळा निधी, देते, एका निवडणुकीला एका उमेदवारामागे जास्तीत जास्त 5,000 डॉलर. देणगी दिसली की "मत विकत घेतलं" असं लगेच म्हणू नका. बड्या कंपन्या दोन्ही पक्षांना देतात. माझ्या मते देणग्यांपेक्षा लॉबिंगचे अहवाल जास्त बोलके असतात.

आणि वीस वर्षं मागे जा, यात कंटाळा नको. घासाघिशीला बंदी घालणारं कलम 2003 च्या मेडिकेअर कायद्यातलं. प्रतिनिधीगृहात ते मतदान पहाटे तीनच्या सुमारास सुरू झालं, बहुमत जुळेपर्यंत जवळजवळ तीन तास चालू ठेवलं गेलं आणि 220-215 ने संपलं. कायदा पुढे रेटणाऱ्यांत त्याच ऊर्जा आणि वाणिज्य कमिटीचे तेव्हाचे अध्यक्ष बिली टॉझिन होते. 2005 मध्ये ते 'फार्मा'चे प्रमुख झाले. ज्येष्ठांची संघटना एएआरपी 2003 मध्ये त्या कायद्याच्या बाजूने होती आणि 2022 मध्ये घासाघिशीच्या बाजूने. त्यामुळे कुठल्याही गटावर कायमचा शिक्का मारू नका.

कायद्यावर सही झाली की लोक पान बंद करतात. गट मात्र तिथून कोर्टात जातात. जून 2023 मध्ये मर्क या औषध कंपनीने घासाघिशीविरुद्ध सरकारवर खटला भरला. या कंपनीचं मुख्यालय आमच्याच राज्यात, राहवेला. ऑगस्ट 2023 मध्ये घासाघिशीच्या पहिल्या दहा औषधांची यादी आली. त्यांत एलिक्विस, जानुव्हिया, जार्डियन्स अशी मी रोज मोजून देते ती औषधं होती. त्यांचे नवे दर 1 जानेवारी 2026 पासूनचे. मग जुलै 2025 च्या मोठ्या कर-विधेयकात दुर्मीळ आजारांवरच्या औषधांना घासाघिशीतून असलेली सूट वाढवली गेली. करांच्या बातम्यांत ती ओळ कोणाच्या नजरेत भरली नाही. म्हणून त्या त्या विषयाच्या नव्या विधेयकांसाठी काँग्रेसच्या संकेतस्थळावर ईमेल अलर्ट लावून ठेवा. आणि मेडिकेअरने नियमांच्या मसुद्यावर अभिप्राय मागवले की तुमचाही पाठवा. त्यासाठी वकील लागत नाही. औषधाचं नाव, तुमचा विमा आणि खिशातून गेलेले डॉलर, एवढं लिहिलंत तरी चालेल.